पुढचा भाग माझ्या ताब्यात

४ मार्च, सकाळ

आजपासून चिडायचं नाही. ठरलं म्हणजे ठरलं. यानाच्या प्रमुखाने डोकं थंड ठेवलं पाहिजे.

इंजिन परवा बंद पडलं. तेही कुठे, तर घरापासून पाच महिन्यांच्या अंतरावर. डावीकडच्या खिडकीतून पाहिलं की काळोख. उजवीकडच्या खिडकीतून पाहिलं तरी तोच. कॅप्टनसाहेब निघायच्या आदल्या दिवशी काविळीने आडवे झाले, म्हणून सुभेदार असून कॅप्टनचं काम मी करतो आहे. परत गेल्यावर हे पद कायम झालं पाहिजे. त्यासाठी काय करायचंय? हाताखालची पाच माणसं सुखरूप घरी न्यायची, बस्स. माणसं मात्र एकापेक्षा एक. मेकॅनिक म्हणजे माझाच मेव्हणा, वशिल्याने नाही, योगायोगाने. पहाऱ्याला लंबू, ज्याचं डोकं प्रत्येक दाराला आपटतं आणि तरी त्यात काही शिरत नाही. वायरलेसवाला, जो पाल्हाळाशिवाय बोलत नाही. डॉक्टरीणबाई, ज्या बोलतच नाहीत, नुसत्या बघतात. आणि आचारी.

४ मार्च, दुपार

चिडलो. चूक माझी नाही.

मेव्हणा सगळ्यांसमोर मला 'दाजी' म्हणाला. ड्यूटीवर! म्हणाला, दाजी, चार-पाच दिवस द्या, इंजिन उघडून बघतो. मी म्हटलं, इंजिन सीलबंद आहे, मुख्यालयाच्या परवानगीशिवाय उघडता येत नाही. तो म्हणाला, मग मागा परवानगी. मी म्हटलं, वायरलेस बंद आहे. तो म्हणाला, वायरलेस इंजिनवरच चालतो, दाजी. मी म्हटलं, मला शिकवू नकोस. वाद मी जिंकला.

उगाच कोणी हात लावायला नको, म्हणून मागच्या भागाचं दारच बंद केलं. इंजिन आणि गोदाम दोन्ही तिकडेच. फटीवर कागद चिकटवला, सही केली, शिक्का मारला. हुकूम काढला: परवानगी येईपर्यंत हे दार कोणीही उघडायचं नाही. मीसुद्धा नाही. बायकोला निघताना शब्द दिला आहे, तुझ्या भावाला जसाच्या तसा परत आणीन. आहे तो जसाच्या तसाच, तेच तर दुखणं आहे.

६ मार्च

मेव्हणा गायब!

सकाळच्या हजेरीला नाही. बिछाने पाहिले, मोरी पाहिली, कंट्रोल रूम पाहिली. माझ्या स्वतःच्या पलंगाखाली वाकून पाहिलं, कंबर धरली. मागच्या दारावरचा शिक्का शाबूत, म्हणजे तिकडे गेलेला नाही. बाहेर जायचे सूट खुंटीला, म्हणजे बाहेरही गेलेला नाही. मग गेला कुठे? बाकीच्यांना फैलावर घेतलं. सगळे आपापल्या बुटांकडे बघत राहिले. लंबू म्हणाला, असेल इथेच कुठेतरी, साहेब, जातोय कुठे! हे उत्तर मला संशयास्पद वाटतं.

स्वयंपाकघर राहिलं. तिथे मी पाऊल टाकत नाही. निघाल्यानंतर पहिल्याच आठवड्यात मिठावरून बोललो होतो, तेव्हा आचारी म्हणाला होता, साहेब, तुमच्या कंट्रोल रूममध्ये मी येत नाही, माझ्या स्वयंपाकघरात तुम्ही येऊ नका. मी शब्दाचा पक्का माणूस. त्यालाच शोधायला सांगितलं. बराच वेळ शोधून बाहेर आला, हात पुसत. म्हणाला, इथे नाही.

बायकोला काय तोंड दाखवू? पाच महिन्यांचं अंतर आहे म्हणून आज वाचलो.

७ मार्च

विचाराअंती खात्री पटली. हे शत्रूचं काम. भिंतीतून येतो आणि माणूस उचलतो. कसा, ते शास्त्रज्ञांनी बघावं. मी सैनिक आहे.

मीटिंग घेतली. तासभर बोललो, एकालाही जांभई देऊ दिली नाही. नवा हुकूम: यापुढे कोणीही एकट्याने फिरायचं नाही, जोडीने फिरायचं. जोड्या मीच लावल्या. वायरलेसवाला आणि लंबू. डॉक्टरीणबाई आणि आचारी. माझी जोडी कोणाशी, असं वायरलेसवाल्याने विचारलं. मी म्हटलं, मला गरज नाही. सगळ्यांनी लगेच मान्य केलं. फारच लगेच.

८ मार्च

वायरलेसवाला आणि लंबू गायब. जोडीने!

तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे शत्रूला माझे हुकूम समजतात आणि तो मुद्दाम त्यांची टिंगल करतो. माणसांबरोबर त्यांची पांघरुणं नेली, उशा नेल्या, पत्त्यांचे दोन्ही जोड नेले. वायरलेसचा संचसुद्धा नेला. बंद पडलेला संच! मूर्ख शत्रू.

शिक्का शाबूत. दिवसातून दहा वेळा बघतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साहेब, तो कागद फाडा आणि आत बघा एकदा. मी म्हटलं, मीच काढलेला हुकूम मीच मोडला तर शिस्त राहील का? त्या नुसत्या बघत राहिल्या. ही त्यांची सवय मला अजिबात आवडत नाही.

९ मार्च

भिंतीपलीकडून ठोकाठोकीचा आवाज येतो. मधूनच हसण्याचा. शत्रू हसतोय, आणि त्याला हसायला झालंय काय, तेच कळत नाही.

डॉक्टरीणबाईंना विचारलं, तुम्हाला ऐकू येतं का? त्यांनी माझे कान तपासले. मग रक्तदाब. मग विचारलं, साहेब, दिवसभरात न ओरडता शेवटचं वाक्य कधी बोललात? मी ओरडून सांगितलं की मी नेहमी साधंच बोलतो. त्यांनी परत रक्तदाब घेतला.

पुढे म्हणाल्या, इथे पुढे गारठा वाढत चालला आहे, मागे इंजिनच्या टाक्यांपाशी ऊब असते, सगळ्यांनीच तिकडे राहिलेलं बरं. तुम्हीसुद्धा. मी म्हटलं, हुकूम म्हणजे हुकूम. बरं, म्हणाल्या, तुमची तब्येत, तुमचा हुकूम.

यांची बदली करायला लावणार आहे.

११ मार्च

डॉक्टरीणबाई गायब. रक्तदाबाच्या पेशंटला वाऱ्यावर सोडून! टेबलावर गोळ्यांची बाटली ठेवून गेल्या आहेत, वर चिठ्ठी डकवलेली: एक सकाळी, एक ओरडल्यावर. दुपारपर्यंत निम्मी बाटली संपली.

आता उरला आचारी. त्याची सगळी दुपार उलटतपासणी घेतली. अवघडातले अवघड प्रश्न टाकले. प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर: जेवून घ्या, साहेब. तो पातेलं भरून करतो. मी त्याला बरोबर पकडलं. म्हटलं, खाणारे दोघं, मग एवढं मोठं पातेलं कशाला? म्हणाला, हाताला सवय झाली आहे, साहेब, कमी जमत नाही. हे पटलं.

उरलेलं कुठे जातं, हे उद्या विचारायचं.

१२ मार्च

विचारायचं राहिलं. थंडीने बोटं आखडली आहेत. दोन पायमोजे एकावर एक चढवले. आचाऱ्याला मात्र घाम आलेला असतो. जातिवंत कष्टाळू माणूस, त्याच्या तोंडावर कधी म्हणणार नाही.

१३ मार्च

आज शत्रूने हद्द केली. माझ्या बायकोचा आवाज काढला.

कंट्रोल रूममधल्या हवेच्या जाळीतून आला. हुबेहूब, ती मेव्हण्याशी बोलते तसा. "अरे बाळ्या, जेवतोस ना वेळेवर? आणि ह्यांच्या बोलण्याचं मनावर घेऊ नकोस रे, मी काय गेली अठरा वर्षं घेतलं का?" इथपर्यंत अचूक जमवलं होतं. मी क्षणभर फसलोसुद्धा, जाळीला तोंड लावून हाक मारली. पण मग ती हसली. पोट धरून, खळखळून. तिथे शत्रू उघडा पडला. माझी बायको अशी हसत नाही.

म्हणजे पूर्वी हसायची. लग्नानंतरची एक-दोन वर्षं. हल्ली घरात कोणी हसलं की मी आतल्या खोलीतून विचारतो, काय झालं हसायला? आणि मग कोणालाच काही झालेलं नसतं.

शत्रूला हे कोणी सांगितलं? फार वाईट वाटलं. तीन गोळ्या घेतल्या. ओरडलो नव्हतो तरी.

१४ मार्च

इंजिन सुरू! आधी पायाखालची जमीन थरथरली, मग दिवे उजळले. यान वळलं, घराच्या दिशेने. शिस्तीपुढे इंजिनसुद्धा नमतं, हे आज सिद्ध झालं. मात्र परवानगीशिवाय सुरू झाल्याबद्दल चौकशी करावी लागेल. कोणाची करायची ते ठरवतो.

रिपोर्टची मनात जुळवाजुळव केली: "संकटसमयी सुभेदारांनी एकहाती..." एकहाती हा शब्द छान बसतो. पण मग चार माणसं नेली कुठे, असं कोणी विचारलं तर? वाक्य तिथेच अडलं. घरी काय सांगायचं, ते तर सुचतच नाही. तू दिलेला भाऊ हरवला. एवढ्याशा यानात हरवला.

आचाऱ्याला सांगितलं, निघालो रे आपण. छान झालं साहेब, म्हणाला, आणि मोठं पातेलं उचलून आत गेला.

१५ मार्च, सकाळ

आचारी गायब. चहा नाही. नाश्ता नाही.

हरकत नाही. सैनिक दोन दिवस उपाशी राहू शकतो. तोवर शत्रूशी समोरासमोर.

१५ मार्च, थोड्या वेळाने

भूक फार वाईट. शब्द मोडला आणि स्वयंपाकघरात गेलो. डबे रिकामे, चूल गार. मागच्या कोठीत शिरलो, तर कोठीच्या पलीकडच्या भिंतीला दार. चांगलं माणूसभर उंचीचं. गोदामातून पोती आणायला असतं तसं. कागद नाही, शिक्का नाही, कडीसुद्धा नाही. अर्धवट उघडं. आतून ऊब येत होती आणि जेवणाचा वास.

ढकललं.

पाचही जण. खोक्यांवर बसून ताटं मांडीवर घेऊन जेवत होते. मेव्हण्याच्या कोपरापर्यंत काळं तेल. लंबू हातवारे करून काहीतरी सांगत होता आणि डॉक्टरीणबाई, ज्या बोलतच नाहीत, त्या हसून हसून डोळे पुसत होत्या.

मग त्यांनी मला पाहिलं.

असा शुकशुकाट मी यान बंद पडलं त्या दिवशीही ऐकला नव्हता. लंबू ताट बाजूला ठेवून उभा राहिला, सॅल्यूट ठोकला. मेव्हणा तोंडातला घास गिळून म्हणाला, या, साहेब. साहेब म्हणाला.

बोलायचं सगळं तयार होतं. कोर्टमार्शल, बडतर्फी, पेन्शन बंद. तोंड उघडलं आणि निघालं, बसा. आचाऱ्याने ताट वाढून दिलं. मी म्हटलं, हे दार मला कोणी सांगितलं का नाही? तो म्हणाला, तुम्ही विचारलं नाहीत, साहेब, तुम्ही फक्त तपास केलात.

जेवण गरम होतं. मीठ बरोबर होतं. नुसते चमच्यांचे आवाज. शेवटी मी विचारलं, मुख्यालयाला कळवलं का? वायरलेसवाला म्हणाला, संच थेट इंजिनच्या बॅटरीला जोडला त्याच दिवशी, साहेब. पाल्हाळ नाही, काही नाही. काय कळवलं? त्याने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्याच म्हणाल्या, पाच जण सुखरूप, इंजिन उघडलं आहे, सुभेदारसाहेब पुढच्या भागात तपास करत आहेत.

मुख्यालय काय म्हणालं?

करू द्या, म्हणाले.

मेव्हण्याने इंजिनजवळची स्वतःची जागा मला दिली, सगळ्यात उबेची. म्हणाला, ताई ख्याली-खुशाली विचारत होती तुमची. आणखी काय म्हणाली? एवढंच, म्हणाला. तो लहानपणापासून खोटं बोलताना कान खाजवतो. जेवणं झाल्यावर त्यांनी पत्ते काढले. पानं वाटली. माझ्याकडे पाहिलं, मी नुसता बसलो होतो, शपथ घेऊन सांगतो नुसता बसलो होतो, आणि त्यांनी पत्ते परत गोळा करून ठेवले. सगळ्यांना एकदम झोप आली.

१६ मार्च

सकाळी जाहीर केलं की पुढचा भाग असा बेवारस सोडता येणार नाही. कोणीतरी जबाबदार माणूस तिथे हवाच. मी जातो.

वाटलं होतं, नाही म्हणतील. एकदा तरी. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब घेतला. आचारी म्हणाला, दोन्ही वेळचं ताट आणून देईन. मेव्हणा दोन जाड पांघरुणं घेऊन स्वयंपाकघरापर्यंत सोडायला आला आणि थोडा घुटमळला. मी म्हटलं, जा, काम कर. जरा चढ्या आवाजातच निघालं. तो गेला.

आता इथे कंट्रोल रूममध्ये बसलो आहे. खिडकीत काळोख. तपास पूर्ण झाला: शत्रू नाही. यान ठीक चाललं आहे, माणसं सुखरूप आहेत, पद बहुतेक कायम होईल. सगळं ठरल्याप्रमाणे.

जाळीतून लंबूचा आवाज येतोय. कालची अर्धी राहिलेली गोष्ट सांगतोय, पहिल्यापासून. कान देऊन ऐकलं. गोष्ट माझी आहे. चालणं माझं, खाकरणं माझं, शिव्या माझ्या. वरिष्ठांची नक्कल हा गुन्हा आहे. पाचही जण हसताहेत, मेव्हण्याला तर ठसका लागलाय. त्याची बहीण हसते तसाच हसतो, हे कधी लक्षात आलं नव्हतं.

संतापलो. उठलो, स्वयंपाकघरातून त्या दारापर्यंत गेलो. दाराला हात लावला. मी आत गेलो की थांबतील.

परत येऊन बसलो. गारठ्याने घसा बसलाय, म्हणून ओरडलो नाही.