चिरंजिवांचा कागद आणि काटेवाल्यांची भेट

धाकटीस थोरलीचे आशीर्वाद,

पहिली आली ती काटेवाल्यांची बायको, आणि तिच्यामागून, दर पायरीला दम खात, स्वतः काटेवाले. (तुझा गुडघा कसा आहे? शेक घेतेस ना, की नुसतीच मला सांगतेस?) काटेवाले म्हणजे दुकानांतले वजनकाटे दुरुस्त करून, तपासून देतात ते, आमचे चिरंजीव तीन आठवडे त्यांच्याकडे जाऊन पाहत होते, जमतंय का. मालक बायकोला घेऊन घरी आलेले बघितल्यावर माझ्या हातातलं ओलं फडकं तिथंच गळालं. म्हटलं, झालं, ही बारावी.

अकरा नोकऱ्या कशा गेल्या ते तुला पाठ आहे. फर्निचरच्या दुकानात गिऱ्हाइकाला सांगितलं की हा पलंग वर्षभरात करकरेल. ऑफिसात सगळे फोन एकदम वाजले की उठून जिन्यात जाऊन बसायचा. मी आपली सगळीकडे सारवासारव करत हिंडले. शेवटी नातीनं फोनमध्ये बघून बापाला कसलेसे पन्नास प्रश्न विचारले आणि म्हणाली, बाबा, आपण डॉक्टरकडे जाऊ. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गं. सूनबाई म्हणाली, मला वीस वर्षं माहीत आहे, फक्त त्याला नाव काय ते माहीत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंना त्याचं लहानपण पाहिलेलं माणूस हवं होतं, म्हणून मीही गेले, ठेवणीतलं लुगडं नेसून. आता तूच सांग, समोर शिकलेली बाई वही उघडून मुलाबद्दल विचारतेय म्हटल्यावर आईनं काय करावं? मी त्याला पास करायला निघाले. मित्र होते का, तर म्हटलं, ढीगभर. हा शेजारून म्हणतो, एक होता, तोही घर बदलून गेला. बोलायला कधी लागला, तर म्हटलं, वर्षाचा असताना घडाघडा. हा म्हणतो, साडेतीन वर्षांचा होतो, तूच तुझ्या सुनेला सांगितलंस. खेळायचा का, तर म्हटलं, पोरांत पोर होऊन. हा म्हणतो, मी बाटल्यांची झाकणं मांडायचो, लहानापासून मोठ्यापर्यंत, आणि पाहुणे आले की तू ती पलंगाखाली सारायचीस. (ते खरंच आहे. दोनशे बारा झाकणं. आकडा त्याचाच.)

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि मला विचारलं, आजी, तुम्ही हे सगळं झाकत का होता? मी म्हटलं, लोक हसतात म्हणून. तेव्हा हा खिडकीकडे बघत म्हणाला, "मला वाटायचं मी वाईट आहे. नाहीतर आईनं कशाला झाकलं असतं?"

धाकटे, मग मी जे सांगायला लागले ते दुपार उलटेपर्यंत सांगत होते, एकही गोष्ट ठेवली नाही. बाईंना दुसरी वही काढावी लागली. महिन्यानं कागद आला, त्यावर छापलंय, ऑटिझम. तो कागद त्यानं चार वेळा वाचला, घडी घातली आणि सलग नऊ तास झोपला. इतका तो लग्न झाल्यापासून झोपला नव्हता, असं सूनबाई म्हणते.

मग कामही कागदाला धरून शोधलं. काटेवाल्यांची खोली अशी शांत, की तराजूचं पारडं स्थिरावतानाही कळतं. पितळी वजनांना बोट लावायचं नाही, चिमट्यानं उचलायची. कुणी गप्पा मारत नाही. सगळं याच्या मनासारखं. आणि यानं काय करावं? मालकांचं जे मुख्य दोन किलोचं वजन, ज्याच्यावरून बाकीची वजनं तपासतात, तेच झिजून हलकं झालंय असं त्यांना तोंडावर सांगितलं.

म्हणून दारात जोडपं बघितल्याबरोबर मी सुरू झाले. त्याला त्या दिवशी ताप होता, मनात काही नसतं हो त्याच्या, तुमचं वजन चांगलंच असणार. आतून आवाज आला, मला ताप नव्हता. काटेवाले खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "आजी, वजन खरंच हलकं निघालं. बाहेरून तपासून आणलं. यांना कायमचं ठेवावं म्हणून विचारायला आलोय."

मी तर चहात साखरेऐवजी मीठ घातलं. काटेवाल्यांच्या बायकोनं निमूट प्यायला. याला मात्र लगेच हो म्हणता येईना, विचार करून सांगतो म्हणाला. मग त्यांनीच परत यायचं ठरवलं. आता माझ्या जिवाला घोर, नाही म्हणाला तर? पण मी म्हणते, माझ्या बोलण्यानंच त्यांचं मन वळलं.

तुझी थोरली

ता. क. वरचं शेवटचं वाक्य त्यानं वाचलं. खोडायला सांगतोय. मी खोडत नाही.

आणखी ता. क. खरं काम असं आहे. होच म्हणायचंय म्हणतो, पण कामाच्या खोलीतला लुकलुकणारा दिवा बदलून हवा, जेवायला एकटं बसू द्यावं, हे त्याला स्वतःच्या तोंडानं मागायचंय, आणि ते येतील तेव्हा मी घरात नको. (रागावून नाही, नीट बसवून सांगितलं.) मला माझा भरवसा नाही, मी दाराआडून बोलेन. तेव्हा तू गुडघा घेऊन ये आणि मला तासभर बाहेर कुठंही बसवून ठेव. ते गुरुवारी चार वाजता येतो म्हणालेत.