चोवीस नघ

३ जून, सोमवार

नोकरी लागली! सरकारी कारखान्यात, बिजागऱ्या भरायला! ह्यांची कंपनी बंद पडून तीन वर्षं झाली. घरात बसून बसून माणसाचा आवाजसुद्धा बसलाय. त्यांनीही इथेच अर्ज केलाय. निदान एक जण तरी आत गेलं.

एका खोक्यात चोवीस बिजागऱ्या, वर आकडा लिहायचा. घाईत पहिल्याच खोक्यावर 'चोवीस नग'ऐवजी 'चोवीस नघ' लिहिलं! शरमेने मेले. पण खोकं तोवर गाडीवर चढलं होतं.

४ जून

दीडशे खोकी. कंबर मोडली. किती छान वाटतंय!

७ जून, शुक्रवार

भरायला रिकामी खोकी आली, त्यात एकावर — 'चोवीस नघ'. माझंच अक्षर!

शेजारी भरणाऱ्या मावशींना दाखवलं. त्या हसल्या. "पलीकडे खोलणी खातं आहे ना, पोरी. आपण भरायचं, त्यांनी खोलायचं. माल परत आपल्याकडे."

"आणि विकतात कधी?"

"ऑर्डर आली की. शेवटची येऊन दोन वर्षं झाली असतील बघ."

थट्टा वाटली. तडक मुकादमांकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, "बाई, काम नाही म्हणून कुलूप लावलं तर चारशे घरं बसतील. वरून सांगणं आहे, माणूस कमी करायचा नाही. तुम्ही नीट मोजा म्हणजे झालं."

नीट मोजा! अहो, पण कशासाठी? कुणाचं तरी दार माझ्या बिजागरीवर उघडत असेल, असं मी चार दिवस मनात घोळवत होते. मूर्ख कुठली!

८ जून

ह्यांना सगळं सांगितलं. वाटलं, चिडतील. म्हणाले, "रोज सकाळी डबा घेऊन निघायला मिळतं ना तुला?"

१० जून, सोमवार

बोटंच चालत नव्हती. डोकं नुसतं भणभणत होतं. जेवणाच्या सुट्टीत मुख्य कचेरीला पत्र लिहून पेटीत टाकलं — हा पोरखेळ थांबवा, खोलणी खातं बंद करा, त्या माणसांना खरं काम द्या. खाली नाव, सही, सगळं. मावशी म्हणाल्या, "वेड लागलंय तुला!" लागू दे.

१३ जून

ह्यांनी आज दाढी केली. नेमणूकपत्र आलंय. खोलणी खातं, सोमवारपासून. "म्हणजे तू बांधलेलं मी सोडायचं की काय गं?" म्हणाले, आणि हसले. तीन वर्षांनी!

माझं पत्र एव्हाना पोहोचलं असेल.