अमृतने जोडलेला शाफ्ट

मी, खाली सही करणारा कृष्णात आनंदा हुबाले, वय ७२, पूर्वीचा धंदा गाड्यांची दुरुस्ती, राहणार इस्लामपूर, ता. वाळवा, जि. सांगली, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवत आहे. फुप्फुसे निकामी होत आली आहेत, डोके शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर धाकटा मुलगा शिवतेज आणि थोरली सून दीपमाला यांना निम्मे-निम्मे. थोरला भाऊ अमृत याच्या वर्षश्राद्धाला जेवता जेवता शिवतेज म्हणाला होता, "ती जीप भंगारात घाला." म्हणून रस्त्याकडची बाजू दीपमालाला आणि मागची त्याला.

२. बँकेतील ठेव नात क्रांती हिच्या शिक्षणासाठी. ती सज्ञान होईपर्यंत तिच्या आईने, म्हणजे दीपमालाने, सांभाळावी.

३. पाने, हातोडे व जॅक मित्र बिराप्पा मेटकरी यास. जॅक त्याने कधीच नेला आहे. आता परत मागणारे कोणी नाही.

४. जीप माझ्या नावावर आहे, वापरते दीपमाला. ती शिरवळच्या कारखान्यात नोकरीला आहे आणि दर शनिवारी क्रांतीला घेऊन खंबाटकी घाट ओलांडून इकडे येते. गाडी ताशी साठच्या पुढे गेली की सीटखाली थरथर सुरू होते. स्टिअरिंग शांत राहते, म्हणजे दोष पुढच्या चाकांत नाही. गिअर काढून गाडी नुसती सोडली तरी थरथर जात नाही, म्हणजे इंजिनातही नाही. बिराप्पा म्हणाला, "बेअरिंग गेलंय, लिहून देतो." मागची दोन्ही बेअरिंगं बदलली. फरक नाही. "मग टायर." तेही बदलले. "गड्या, आता गाडीच बदल," म्हणाला.

या दिवाळीत, श्वास होता तेवढ्यावर, मी गाडीखाली गेलो. मागच्या चाकांना फिरवणारा लांब दांडा, म्हणजे शाफ्ट, दोन तुकड्यांचा असतो. जोडताना दोन्हींवरचे बाण समोरासमोर यावे लागतात. ते आलेले नव्हते.

माझा थोरला मुलगा अमृत फौजेत होता. शेवटच्या सुट्टीत त्याने हा शाफ्ट खोलून टोकांचे सांधे नवे घातले. मध्येच युनिटचा फोन आला आणि त्याने घाईघाईत तो जोडला. पुढच्याच महिन्यात तो सीमेवर बर्फाखाली गेला. काम तो चांगले करी. त्या दिवशी चुकले.

ही थरथर सांधे खात आहे. एक दिवस सांधा तुटेल, दांड्याचे पुढचे टोक रस्त्यात रुतेल आणि गाडी उलटेल. अशा गाड्या माझ्याकडे ओढून आणलेल्या आहेत.

दीपमालाला हे सांगितले. ती म्हणाली, "आबा, त्याला पाना लावायचा न्हाई. त्यांच्या हातचं काम हाय."

"अगं, चुकलंय ते."

"चुकलंय तर चुकलंय. त्यांचीच चूक हाय न्हवं? ऱ्हाऊ द्या."

मला आता गाडीखाली जाता येत नाही, आणि तिच्या शब्दाशिवाय बिराप्पा हात लावत नाही.

५. सबब जीप दीपमालास एका अटीवर देत आहे : शाफ्ट खोलून, बाण जुळवून, पुन्हा जोडावा. अमृतने घातलेला एकही भाग टाकायचा नाही, दांडा फक्त फिरवायचा आहे. मग थरथर थांबेल. गाडी किती मुकी वाटेल, हे मला कळते.

६. वरील मजकूर काल वाचून दाखवला तेव्हा दीपमाला हजर होती. ती म्हणाली, "तुमी हायसा तवर न्हाई. आपण दोघं गाडीत बसून ती थरथर ऐकतो. तुमी गेल्यावर उघडीन. एकटीला न्हाई ऐकवायचं."

बिराप्पा म्हणाला, "पोरी, तवर घाटात काय झालं म्हंजे?"



तिने दिलेला शब्द मी मान्य करतो. माझ्या दिवसकार्याची वाट पाहू नये. दुसऱ्याच दिवशी शाफ्ट खोलावा. जीप दर शनिवारी घाटात असते, तेव्हा मला फार उशीर करून चालणार नाही.

(सही) कृष्णात आनंदा हुबाले

आमच्यासमोर सही केली :
१. बिराप्पा सिद्धू मेटकरी
२. अर्जुना बाळू शेवाळे

स्थळ : इस्लामपूर
दिनांक : १७ नोव्हेंबर २०२४