शेवटच्या बाकापर्यंत ताट

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी काही चुकलं की मी आधी तुमच्याकडेच येतो. या वेळी चुकलं की नाही तेच कळत नाही, म्हणून जास्त धडधडतं.

साक्रीकडच्या खेड्यांतून सायकलवर सुवार्ता सांगत फिरताना तुम्ही म्हणायचात, युरोपातल्या धर्मसुधारकांनी आपल्या ख्रिस्ती लोकांना दोन गोष्टी दिल्या. माणूस फक्त विश्वासाने तरतो आणि प्रत्येक विश्वासणारा स्वतःच याजक, म्हणजे धर्मगुरू, असतो. मी सातवीत शाळा सोडली, पण एवढं पाठ आहे. माझी बायको, तुमची सून, दर रविवारी चर्चमध्ये सगळ्यांच्या आधी येऊन झाडते. पण आईचे देव खोटे म्हणणार नाही, असं तिने तुम्हाला तोंडावर सांगितलं आणि बाप्तिस्मा घेतला नाही. बाप्तिस्मा झालेल्यांनीच घ्यायच्या प्रभुभोजनाचं ताट तिच्या शेवटच्या बाकापाशी आलं की दारात उभे असलेले तुम्ही नुसती नकाराची मान हलवायचात. ताट मागे फिरायचं.

आता आपल्या जळगावच्या मंडळीत तरुण पाळकबाई आल्या आहेत. त्या म्हणतात, देवाची कृपा कमवावी लागत नाही, हेच तर सुधारकांचं म्हणणं होतं. मग आपण बाप्तिस्म्याची अट घालून ती पुन्हा कमवायला का लावायची? विश्वास म्हणजे शिकवण जशीच्या तशी मान्य करणं नव्हे, देवावर भरवसा टाकणं. सुधारणा अजून संपलेली नाही. मी घाबरून विचारलं, मग अडवणार कोण? गेल्या रविवारी त्यांनी भाकरीचं ताट माझ्याच हातात दिलं. "काका, याजक तुम्हीही आहात. आपल्या मनाला विचारा."

वाटत वाटत मी शेवटच्या बाकापाशी, तुमच्या सुनेपाशी आलो. ती हळूच म्हणाली, "इतला वरीस उपाशी ठेवं, नि आज भरवाले उनात?" भरवायलाच आलो होतो, मी ताट पुढे केलं. तिचा हात काही पदरातून बाहेर येईना. "पहिले तुम्हीन खा." घरीही ती माझ्याआधी कधी जेवत नाही. पण वाटणाऱ्याने सर्वांत शेवटी घ्यायचं, हा तुमचा नियम. मंडळी वळून बघते आहे आणि मी तिथेच उभ्याने तुकडा तोंडात टाकतो. मग ती घेते.

दम्याने ती फार थकली आहे, आबा. बाईंचं खरं असेल तर मरणानंतरही ती माझ्यासोबत असेल. तुमचं खरं असेल, तर तिच्याशिवाय मी तिथे येऊन काय करू?

हा कागद कुठे टाकायचा, ठाऊक नाही. खोटं कशाला बोलू, तिने घास घेतला तेव्हा मी वेदीकडे नाही, दाराकडे पाहिलं.