रासबेरी अजून कच्चीच आहे

ती. मारोतीदादास,

राजकन्याचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? पाचगणीच्या थंडीत फिरायला जाताना कान बांधत जा. (बांधणार नाहीस, माहीत आहे.)

तू दिलेलं रासबेरीचं रोप गच्चीवर टाकीच्या सावलीत जगलं, फळंही लागली. पण ती तोडायची कधी, हे तू सांगितलंच नाहीस. पहिलं फळ लाल दिसलं तसं मी ओढलं. सोबत अर्धी फांदी आली. चव आंबट ढाण. मग आपल्या सवयीने, सीताफळ घालतो तसं, ज्वारीच्या डब्यात पिकायला घातलं. ते सुकून मिऱ्याएवढं झालं आणि दळणात गेलं. (भाकरी गुलाबी झाली नाही, एवढंच.) शेजारच्या कमरुन्निसाआपा म्हणाल्या, हे झाडावरच पिकतं, रंगाला भुलू नको, हात लावताच सुटेल तेव्हा घे.

इथवर ठीक होतं. पण डोळ्याच्या ऑपरेशनसाठी हिमायतनगरहून आलेल्या सासूबाईंनी पट्टी निघाल्यापासून एकच धरलंय, "तुझं ते लाल फळ तेवढं खाते अन् जाते गावाकडं." दादा, लेक लातूरला क्लासला गेली, हे सकाळीच रेल्वे ऑफिसला जातात, दिवसभर घरात मी आणि कुकर, दोघंच बोलणारे. सासूबाई आल्यापासून घराला आवाज आलाय. त्या रोज विचारतात, "पिकलं का गं?" आणि मी झाडाकडे न बघताच सांगते, अजून कच्चं आहे. तीन आठवडे झाले. एवढ्यात फणससुद्धा पिकला असता, असं आपा हसून म्हणाल्या.

वहिनींना नमस्कार.

तुझी,
राजकन्या

ता. क. सासूबाईंनी तुला फोन केला, तर रासबेरी पिकायला अक्षय तृतीया उजाडते असं शांतपणे सांग. हसू नकोस.

आणखी एक ता. क. आत्ता कपडे वाळत घालताना झाड नीट पाहिलं. पिकलेलं एकही फळ नाही, देठांवर नुसते पांढरे शेंडे. मी पाखरांना बोल लावत होते, तर आपा भिंतीपलीकडून म्हणाल्या, "पाखरं कशाची? पिकलेलं अलगद काढलं की शेंडा मागं राहतो. तुझी सासू रोज सकाळी वर येती नं, तवाच खाती. मला बी दोन दिली."

खाली आले. सासूबाई मेथी निवडत होत्या. "पिकलं का गं?"

मी म्हटलं, अजून नाही.

"पिकू दे सावकाश. मला कुठं घाई हाय."

तेव्हा फोनचं राहू दे. दुसरं रोप पाठव, याची फळं संपत आली आहेत.