दुसरा मासा

३ एप्रिल
सकाळी मार्गदर्शक सरांचा फोन. "एका माशावर नवी जात? लोक म्हणतील, मॅडमना एक वाकडा मासा सापडला. दुसरा आण, नाहीतर पेपर विसर." बरणीतल्या माझ्या एकुलत्या एका माशाकडे बघत बसले. बोटभर, सात पट्टे. ज्ञात कुठल्याच जातीत बसत नाही, सगळीकडे बसवून पाहिलाय. हट्टी आहे मेला.

८ एप्रिल
कुरुंद्याजवळच्या डोहावर. निम्मा आटलाय. हळद शिजवायला पाणी लागतं, काठावरच्या शेतातल्या बाबारावांची पाणी उपसायची मोटार दिवसभर चालू. गंगामावशी इथंच जाळं टाकते, पहिला मासा तिच्याच जाळ्यातला. म्हणाली, "आठ-धा दिस. मंग निस्ता चिखल." सांगून आले, तसा मासा मिळाला तर जपून ठेवा, खराब होऊ देऊ नका.

१५ एप्रिल
मिळाला! आणि गेला.
मावशीनं जपला. डोकं काढून, पोट साफ करून, मीठ-हळद चोळून. "खराब होऊ देऊ नका म्हनल्या ना तुमी?" पट्टे गेले, पर गेले, पिवळाधमक तुकडा. रागानं रडूच आलं. मावशी घाबरली, तोच तळून पुढ्यात ठेवला. खाल्ला मी. चव बरी होती, हेही कुठं छापता यायचं नाही.

१६ एप्रिल
दुपारी जिवंत सापडला. सातही पट्टे. मादी, पोट अंड्यांनी टचटचीत. मावशीनं उरलेलं पाणी चाळून काढलं, तसा दुसरा नाही. बहुतेक शेवटची.
सर : "आजच मारून फॉर्मॅलिनमध्ये टाक."
मावशी : "नाव ठिवायला मारावंच लागतं व्हय? आमी तर जित्या लेकराचं बारसं करतो."
काय सांगू? मारल्याशिवाय नाव नाही, नावाशिवाय डोह वाचवा असा अर्ज तरी कुणाच्या नावानं... आणि हिला मारलं तर अर्ज कशाला.
फॉर्मॅलिनची बरणी भरून ठेवलीय. झाकण लावलं नाही.

१७ एप्रिल
उजाडताच डोहावर. मादी बादलीत, सोबत. नर मिळाला तर अंडी फळतील, जात जगेल म्हणून मावशी पुन्हा जाळं घेऊन उतरली. बाबाराव मोटारीपाशी. हात जोडले, आजचा दिवस थांबा, एक मासा शोधतोय, जगात दुसरीकडे नसलेला.
"बरं. काय नाव हाय त्याचं?"
अजून नाही, म्हटलं.
"मंग कसला मासा, मॅडम? माही हळद कढईत हाय."
बटण दाबलं त्यांनी, पाणी उतरू लागलंय. मावशी अजून पाण्यातच आहे.