गंजी खाणारी मुलगी

बाई,

तुम्ही गेलात तेव्हा मला कळवणारं कुणी नव्हतं. पुढे कधीतरी दादरच्या बाजारात शाळेतली एक मैत्रीण भेटली, मेथीची जुडी उलटीसुलटी करत म्हणाली, अगं आपल्या बाई गेल्या, झाली त्यालाही वर्षं. मी म्हटलं, अरेरे. मग मीही एक जुडी घेतली आणि घरी आले. रडू आलं नाही. आताही येत नाही. लिहायला बसलेय ती एका गोष्टीपायी. मी लहान मुलांसाठी लिहिते. वेगवेगळ्या भाषांच्या, वेगवेगळ्या धर्मांच्या घरांतली मुलं एका वर्गात शिकतात, अशा गोष्टींचं पुस्तक करतेय, आणि त्यातल्या एका मुलीचं शेवटी काय करायचं ते उद्या सांगायचंय. ती मुलगी तुम्हाला आठवत असणार. पहिल्या बाकावर माझ्या शेजारी बसायची. तेलुगू घरातली. तिचे वडील आणि माझे बाबा एकाच गिरणीत, साळखात्यात कापड विणायला होते, आणि संपात दोघंही घरी बसले होते.

संपामुळे गिरणीचा भोंगा वाजत नाही म्हणून डिलाईल रोडवरची अर्धी पोरं शाळेत उशिरा येतायत, आणि तुम्ही ओरडताय, घरात घड्याळं नाहीत का रे तुमच्या. नव्हतीच, बाई. तुम्ही गिरगावातून यायचात, तुम्हाला ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. अशाच एका दिवशी तुम्ही घरून एक गुळगुळीत पानांचं पुस्तक आणलं होतं. त्यात प्रांताप्रांतांतली मुलं गोल करून बसतात आणि आपापला डबा उघडतात. कुणाच्या डब्यात पुरणपोळी, कुणाच्या शेवया, कुणाच्या इडल्या, आणि सगळे एकमेकांचं खातात. तुम्ही वाचायचात छान. आमच्या तोंडाला इतकं पाणी सुटलं होतं की पुढची गोष्ट कुणी ऐकलीच नाही. डबा तर त्या दिवसांत वर्गात कुणाचाच नसायचा. मग तुम्ही पुस्तक मिटलंत आणि विचारलंत, आता तुम्ही सांगा, आज काय खाऊन आलात?

पहिली उठली ती. म्हणाली, "गंजी."

मागून कुणीतरी ओरडलं, बाई, ही गंजी खाते, बापाची! आणि सगळा वर्ग हसत सुटला. आमच्याकडे गंजी म्हणजे बनियन, दोरीवर वाळत घालतात ती. तिला काही समजेना. आपलं ऐकू गेलं नसेल असं वाटून ती आणखी मोठ्यानं म्हणाली, गंजी, मीठ घालून. तेव्हा तुम्हीही हसलात. पदर तोंडाला लावलात, पण हसलात. मग तुम्ही तिला नीट विचारलंत. तिनं हातानंच दाखवलं, तांदूळ असे शिजवायचे, पाणी असं ओतून घ्यायचं. तुम्ही म्हणालात, अगं, म्हणजे पेज! आणि हसणं थांबलं, कारण पेज सगळ्यांना माहीत होती. तुम्ही उगाच पुढच्या पोराला विचारलंत, मग त्याच्या पुढच्याला. पेज. पेज. उत्तरेकडचा एक मुलगा म्हणाला माड, आणि म्हणजे तेच, असं स्वतःच सांगून खाली बसला. तुम्ही डस्टर उचललंत आणि कोराच फळा पुसायला लागलात.

घरी जाऊन मी आईला हा किस्सा अगदी रंगवून सांगितला. ती तांदूळ पाखडत होती, हसली नाही. म्हणाली, "हसतंस कित्याक गो? तू पण सकाळी तीच जेवलंस मां?"

थोड्याच दिवसांत ती मुलगी शाळेत यायची बंद झाली. तुम्ही मला तिच्या चाळीत पाठवलंत. खोलीला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, भिवंडीला गेली सगळी, तिथं माग आहेत, काम मिळतं. मी येऊन तसं सांगितलं. तुम्ही बरं म्हणालात आणि गणितं घातलीत. शाळा सुटल्यावर मात्र जिन्यात मला थांबवलंत.

"मी हसायला नको होतं गं. त्यामुळे नाही ना गेली ती?"

मी म्हटलं, नाही बाई, भिवंडीला गेली. मला विचारलं तेवढंच मी सांगितलं. तुम्ही कठड्याला धरून उभ्या राहिलात. ते पुस्तक पुन्हा कधी वर्गात आलं नाही.

आता माझ्या पुस्तकाची संपादक एक तरुण मुलगी आहे, गुणी आहे, मला ताई म्हणते. ती म्हणाली, गंजीचा घोटाळा मस्तच आहे ताई, पण शेवटी मुलगी नुसती नाहीशीच होते? मुलं घाबरतील. दिवाळीनंतर परत येऊ दे ना, सगळ्यांसाठी डबाभर इडल्या घेऊन. माझं डोकंच फिरलं. दक्षिणेकडचं माणूस दिसलं की यांना इडलीच सुचते! मी तिला फाडकन म्हटलं, वेगवेगळ्या घरांतली मुलं कसली, हॉटेलचं मेनूकार्ड आहे हे. एकेक पदार्थ धरून एकेक पोर उभं करायचं आणि म्हणायचं, बघा कसे मिळूनमिसळून राहतात. ती मुलगी आली नाही परत. भिवंडी काही सातासमुद्रापार नाही, पण आमच्यातलं कुणी बघायला गेलं नाही. हेच छापा. बिचारी उद्यापर्यंत ठरवा म्हणाली.

आज दुपारी खरा शेवट पक्का करायला बसले. कुलूप लिहिलं. शेजारीण लिहिली. जिना लिहिला, तुम्ही विचारलंत तेही लिहिलं. चांगलं उतरलं होतं, एक शब्द इकडचा तिकडे करावा लागला नसता. वाचलं, कठड्याला धरून उभ्या तुम्ही दिसलात, आणि सगळं खोडलं. आता गोष्टीत एक दिवस दार ढकलून ती आत येते. हातात काही नाही. माझ्या शेजारी सरकून बसते आणि तुम्ही शिकवत राहता.

हे कुणाला पाठवायचं नाहीये, म्हणून लिहिते. उद्या मी त्या संपादक मुलीला सांगणार, तुझं ऐकलं गं, मुलांसाठी बदलला शेवट. मुलांसाठी नाही बदलला.